आधी कागद, मग टोकन

मा. मुख्य आयुक्त,
केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण,
नवी दिल्ली



जुनी गाडी घेणाऱ्याला वॉरंटीचं विचारलं जातं ते व्यवहाराच्या अगदी शेवटी. तोवर गाडी पसंत पडलेली असते, टोकन देऊन झालेलं असतं, कर्जाचे कागद बँकेत गेलेले असतात, घरी पूजेचा दिवसही ठरलेला असतो. मग टेबलापलीकडचा तरुण विचारतो, "सर, एक्स्टेंडेड वॉरंटी टाकू ना? आज घेतली तरच या भावात मिळेल." दहा-वीस हजारांचा निर्णय उभ्या उभ्या घ्यायचा असतो, आणि ज्याच्या आधारे तो घ्यायचा तो करार मात्र समोर नसतो. समोर असतं ते रंगीत पत्रक: इंजिन कव्हर्ड, गिअरबॉक्स कव्हर्ड, एसी कव्हर्ड. करार येतो पैसे भरल्यावर, ईमेलवर, इंग्रजीत, बारीक अक्षरांत.

मी सातारा जिल्ह्यात ग्राहक मार्गदर्शनाचं काम करते. १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू झाली, पुढच्याच वर्षी मुंबईत मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. त्या चळवळीत घडलेल्या माणसांकडून मी हे काम शिकले. जुन्या गाडीसाठी वॉरंटी घ्यावी की नाही, हे ज्याने त्याने आपली गाडी आणि आपला खिसा पाहून ठरवावं. पण ते ठरवता येईल असा कागद टोकनच्या आधी त्याच्या हातात पडला पाहिजे. आणि "आम्ही गाडी तपासली आहे" असं सांगून जो गाडी विकतो, त्याने पहिल्या काही महिन्यांची जबाबदारी वेगळे पैसे न घेता उचलली पाहिजे. हे घडवून आणण्याचा अधिकार आपल्याकडे आहे, म्हणून हे पत्र आपल्याला.

कराडजवळच्या एका शिक्षक दाम्पत्याची हकिगत सांगते. त्यांनी पुण्याहून सहा वर्षांची ऑटोमॅटिक गाडी घेतली, ड्युअल क्लच गिअरबॉक्सची. वॉरंटीही घेतली, कारण पत्रकावर गिअरबॉक्सचं नाव ठळक होतं. काही महिन्यांनी गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये झटके देऊ लागली, चढाला थरथरू लागली. करारात नेमून दिलेलं वर्कशॉप पुण्यात, तिथवर गाडी टो करून नेण्याचा खर्च त्यांचाच. तिथे सांगण्यात आलं की गिअरबॉक्स उघडल्याशिवाय निदान होणार नाही, उघडण्याची मजुरी आधी भरा, क्लेम पास झाला तर परत मिळेल. उघडल्यावर निदान निघालं: क्लच पॅक झिजलाय. कराराच्या अपवादांच्या यादीत 'क्लच' हा शब्द होता. क्लेम नाकारला गेला, मजुरीही गेली, आणि सुटा झालेला गिअरबॉक्स परत बसवून घ्यायचे पैसे वेगळे मागितले गेले.

साध्या गाडीत क्लच प्लेट ही ब्रेक पॅडसारखी झिजणारी वस्तू. चालक अर्ध्या क्लचवर पाय ठेवून चालवत असेल तर ती लवकर जाते, म्हणून ती वॉरंटीतून वगळणं रास्त आहे. ड्युअल क्लचच्या गाडीत मात्र चालकाच्या पायाखाली क्लचचं पेडलच नसतं. दोन्ही क्लच गिअरबॉक्सच्याच जुळणीचा भाग असतात आणि ते कधी लागायचे, कधी सुटायचे हे संगणक ठरवतो. या गिअरबॉक्सची दुखणी मुख्यतः दोन ठिकाणी निघतात, क्लच पॅकमध्ये आणि ते चालवणाऱ्या मेकॅट्रॉनिक युनिटमध्ये. त्यातलं एक 'झीज' म्हणून वगळायचं आणि पत्रकावर 'गिअरबॉक्स कव्हर्ड' छापायचं, ही त्या कुटुंबाची फसवणूक आहे असं मी मानते. करारातलं कलम खरं आहे, पत्रकातला शब्दही खरा आहे. दोन्ही एकत्र ठेवले की ग्राहकाच्या हाती काही उरत नाही.

दुसरा प्रकार याहून नेहमीचा. कूलंटचा रबरी होज जुना होऊन फुटतो. रबरी पाइप, बेल्ट, सील हे भाग बहुतेक करारांत वगळलेले असतात. कूलंट गळून गेलं की इंजिन तापतं, हेड गॅस्केट जातं, कधी हेडच वाकतं. हेड गॅस्केट कराराच्या यादीत असतं. पण नुकसान सुरू झालं ते वगळलेल्या भागापासून, म्हणून 'परिणामी नुकसान' या कलमाखाली सगळा क्लेम बाद होतो. वर विचारलं जातं, तापमानाचा काटा चढल्यावर तुम्ही गाडी लगेच का थांबवली नाही? खंबाटकी घाटात रात्री मुलाबाळांसह असलेला माणूस पुढच्या ढाब्यापर्यंत गाडी नेतो, आणि तेवढं अंतर त्याच्या क्लेमच्या आड येतं. इंजिनाचं मोठं काम बहुतेक वेळा असंच निघतं, छोट्या, स्वस्त, वगळलेल्या भागापासून. ही साखळी वॉरंटी विकणाऱ्याला पक्की ठाऊक असते. घेणाऱ्याला ती कोणी सांगत नाही.

डिझेल गाड्यांचं आणखी वेगळं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष आले आणि डिझेल गाड्यांत धूर गाळणारा डीपीएफ फिल्टर सर्रास आला. गाडी रोज शाळा-बाजार एवढीच फिरत असेल तर हा फिल्टर स्वतःला जाळून साफ करायला लागणारी उष्णता मिळत नाही आणि तो काजळीने तुंबतो. धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्हही तसाच तुंबतो. हे भाग महाग, आणि 'कार्बन साचणे' ही देखभालीची बाब म्हणून अनेक करारांत बाहेर ठेवलेली. पेट्रोलवाल्यांसमोर आता इथेनॉलचा प्रश्न आहे. पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि जुन्या बाजारातल्या कितीतरी गाड्या १० टक्के गृहीत धरून बनलेल्या आहेत. 'अयोग्य इंधनामुळे झालेलं नुकसान' हे कलम अशा गाडीला लावायचं की नाही, हे वॉरंटी विकतानाच लेखी सांगायला हवं. ग्राहकाला बहुतेक पंपांवर दुसरं पेट्रोल निवडण्याची सोय नाही.

पाण्यात बुडालेल्या गाड्यांबद्दलही लिहायला हवं, कारण आम्ही पूर पाहिलेली माणसं आहोत. २००५ ची मुंबई, २०१९ चं सांगली-कोल्हापूर, २०२१ चं चिपळूण. पुरात बुडालेली गाडी धुवून, आतलं कापड बदलून बाजारात येते आणि जिथे पूर आलाच नव्हता अशा गावात विकली जाते. वायरिंगच्या जोडांत आणि कंट्रोल युनिटांत शिरलेलं पाणी लगेच दिसत नाही, गंज धरायला महिने लागतात. दोष वर येतो तेव्हा वॉरंटीवाले म्हणतात, हा खरेदीच्या आधीचा दोष, आमचा नाही. बरोबर आहे, आधीचाच आहे. पण मग गाडी तपासून दिली म्हणणाऱ्याने तपासलं काय?

एवढं लिहूनही मी वॉरंटीच्या विरोधात नाही. गाडीच्या नेहमीच्या विमा पॉलिसीत अपघात, चोरी, पूर येतात, पण यांत्रिक किंवा विजेचा बिघाड आणि झीज येत नाही. ही फट खरी आहे आणि ती भरणाऱ्या चांगल्या योजनेला लोकांनी पैसे द्यावेत. माझ्याकडे कोणी विचारायला आलं तर मी आधी गाडीचा चासी नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करायला लावते. मूळ कंपनीची वॉरंटी शिल्लक असेल तर ती बहुधा गाडीबरोबर नव्या मालकाकडे येते. मारुती सुझुकीने जुलै २०२४ पासून नव्या गाड्यांची मूळ वॉरंटी ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर केली आणि पैसे भरून ती ६ वर्षांपर्यंत वाढवता येते. अशा गाडीची वॉरंटी पहिल्या मालकाने वाढवून घेतली असेल, तर तिसऱ्याच कोणाला त्याच गोष्टीचे पुन्हा पैसे देणं व्यर्थ आहे. त्याच फोनवर सर्व्हिस हिस्टरीही मागता येते. मीटरवरचे किलोमीटर आणि शेवटच्या सर्व्हिसला नोंदलेले किलोमीटर जुळले नाहीत तर विषय तिथेच संपतो. वाहन पोर्टलवर मालक कितवा, कर्जाचा बोजा आहे का, विमा कधीपर्यंत आहे हे कळतं, पण गाडी किती चालली आणि कुठे ठोकली हे कळत नाही.

मग हिशोब. समजा वॉरंटी १८,००० रुपयांची, एका वर्षाची, आणि वर्षभरात मिळून जास्तीत जास्त ५०,००० मिळतील अशी मर्यादा. वर्षाच्या आत पूर्ण ५०,००० चं, मंजूर होईल असं काम निघण्याची शक्यता तिनात एकापेक्षा जास्त असेल, तरच नुसत्या आकड्यांत हा सौदा घेणाऱ्याच्या फायद्याचा. आणि ज्या गाडीत असं काम निघण्याची शक्यता तिनात एक आहे, ती गाडीच घेऊ नये. साधी पेट्रोल, हाताच्या गिअरची, नीट सर्व्हिस झालेली छोटी गाडी असेल तर मी स्पष्ट सांगते: वॉरंटी नको. विक्रेत्याशी संबंध नसलेल्या मिस्त्रीला दोन-तीन हजार देऊन गाडी लिफ्टवर चढवून बघा, स्कॅनर लावून घ्या, आणि उरलेले पैसे गाडीच्या नावाने बँकेत बाजूला ठेवा. ड्युअल क्लच, टर्बो किंवा नवी डिझेल असेल आणि अचानक पन्नास हजार काढणं त्या घराला झेपणारं नसेल, तर वॉरंटीचा विचार जरूर करावा. पण करारात क्लच पॅक, मेकॅट्रॉनिक, टर्बो, इंजेक्टर, हाय प्रेशर पंप ही नावं एकेक करून लिहिलेली असतील तरच. नुसतं 'गिअरबॉक्स' आणि 'इंजिन' पुरेसं नाही.

वॉरंटीचे पैसे कर्जात मिसळले जातात, त्याकडेही लक्ष वेधते. हेच १८,००० रुपये समजा १४ टक्क्यांनी ४ वर्षांच्या कर्जात गेले, तर व्याजासकट २३,६०० च्या आसपास होतात. वॉरंटी वर्षात संपते आणि तिचे हप्ते पुढे तीन वर्षं चालू राहतात. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी पुष्कळांना आपण वॉरंटी घेतली आहे हेच ठाऊक नसतं. कर्जाच्या रकमेची फोड मागवल्यावर ती सापडते.

आता मूळ मुद्दा. जुन्या गाड्यांचा संघटित बाजार उभा राहिला तो तपासणीच्या भरवशावर. दीडशे मुद्दे तपासले, दोनशे मुद्दे तपासले, अशा जाहिराती रस्त्यारस्त्यावर आहेत आणि त्या भरवशापोटी ग्राहक मालकाकडून थेट घेण्यापेक्षा जास्त किंमत मोजतो. म्हणजे गाडी चांगली असल्याचे पैसे त्याने एकदा दिले. त्यानंतर त्याच टेबलावर, त्याच गाडीची भीती घालून, ती बिघडेल म्हणून पुन्हा पैसे घेतले जातात. काही विक्रेते काही महिन्यांची वॉरंटी किमतीतच देतात, त्यांचं कौतुक आहे. पण ते त्यांच्या मर्जीवर आहे. तपासणीचा अहवाल बहुतेक ठिकाणी कराराचा भाग नसतो, आणि बिलाच्या तळाशी गाडी 'जशी आहे तशी' विकल्याचं वाक्य असतं.

कायदा याबाबतीत मुका नाही. १९३० च्या माल विक्री कायद्याचं कलम १६ सांगतं की तो माल विकण्याचाच धंदा करणाऱ्याकडून वर्णनावरून माल घेतला, तर तो विकण्याजोग्या दर्जाचा असल्याची अट गृहीत धरली जाते. मात्र ग्राहकाने स्वतः तपासला असेल तर तपासणीत दिसायला हवे होते ते दोष त्यातून सुटतात. त्याच कायद्याचं कलम ६२ अशी गृहीत अट कराराने काढून टाकायला वाव देतं, आणि 'जशी आहे तशी' या वाक्याला आधार मिळतो तो तिथून. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पुरेशा चाचणीवर न आधारलेली हमी देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. त्याच कायद्यात 'अनुचित करार' ही नवी संकल्पना आली, पण अनुचित कराराविरुद्धची तक्रार जिल्हा आयोगापुढे चालत नाही, ती राज्य आयोगाकडे न्यावी लागते. अठरा हजारांच्या करारासाठी राज्य आयोगापर्यंत कोण जाणार? डिसेंबर २०२२ च्या अधिसूचनेने जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना आरटीओचं प्राधिकारपत्र घेणं आलं, १ एप्रिल २०२३ पासून ते लागूही झालं. त्यात आरसी, एनओसी, गाडी विक्रेत्याच्या ताब्यात असतानाची जबाबदारी हे सगळं आहे. गाडीच्या प्रकृतीबद्दल काही नाही.

अमेरिकेत १९८५ पासून एक साधा नियम आहे. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याने विक्रीला ठेवलेल्या प्रत्येक गाडीच्या काचेवर ठरावीक नमुन्याचा कागद लावायचा. गाडीला वॉरंटी आहे की ती 'जशी आहे तशी' आहे, वॉरंटी असेल तर कोणत्या भागांना, किती काळ, सुट्या भागांचे आणि मजुरीचे किती टक्के विक्रेता देणार, वेगळा सर्व्हिस करार विकत मिळतो का, हे सगळं त्यावर. हा कागद विक्रीच्या कराराचा भाग ठरतो आणि करारात त्याच्याविरुद्ध काही लिहिलं असेल तर कागदावरचं खरं मानलं जातं. विक्रीची बोलणी स्पॅनिशमध्ये झाली तर कागदही स्पॅनिशमध्ये द्यावा लागतो. १९७५ च्या त्यांच्या वॉरंटी कायद्यात आणखी एक तरतूद आहे: गाडीबरोबर किंवा विक्रीनंतर ९० दिवसांत विक्रेत्याने स्वतःचा सर्व्हिस करार विकला, तर त्याला कायद्याने गृहीत धरलेली दर्जाची जबाबदारी झटकता येत नाही. संरक्षण विकायचं असेल तर आधी आपल्या मालामागे उभं राहा, असा त्याचा अर्थ. तिथलेही विक्रेते साधुसंत नाहीत. २०२४ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने गाड्यांचे सर्व्हिस करार विकणाऱ्या कारशील्डकडून, फसव्या जाहिरातींच्या आरोपांवरून, १ कोटी डॉलर भरून घेतले. पण आरोप करायला आयोगाच्या हातात नियम होता.

आपल्याकडच्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम १८ आपल्याला मार्गदर्शक तत्त्वं काढण्याचा अधिकार देतं. ३० नोव्हेंबर २०२३ ला आपण ऑनलाइन ग्राहकाला भुलवणाऱ्या क्लृप्त्यांविरुद्धची, म्हणजे डार्क पॅटर्नविरुद्धची तत्त्वं काढलीत. न विचारता बिलात वस्तू घुसवणं, खोटी घाई करणं हे त्यातल्या तेरा प्रकारांपैकी आहेत. मोबाइलच्या पडद्यावर ज्याला मनाई आहे तेच शोरूमच्या टेबलावर रोज चालतं: कर्जात न सांगता मिसळलेली वॉरंटी आणि 'आजच्या भावाची' घाई. जुन्या गाड्यांसाठी स्वतंत्र तत्त्वं काढा, आणि पडदा आणि टेबल असा भेद त्यात ठेवू नका.

त्या तत्त्वांत काचेवरचा कागद आणा. तो राज्याच्या भाषेत असू द्या, कारण आमच्याकडे गाडीची बोलणी मराठीत होतात आणि करार मात्र अशा भाषेत येतो जी घेणाऱ्याला वाचून समजत नाही. वॉरंटीचा पूर्ण करार टोकन घेण्याआधी द्यायची सक्ती करा, आणि विकल्यानंतर निदान पंधरा दिवस पूर्ण पैसे परत घेऊन वॉरंटी रद्द करण्याची मुभा ठेवा. तपासणीचा अहवाल विक्री कराराला जोडा. त्यात 'ठीक' लिहिलेला भाग पहिल्या तीन महिन्यांत गेला तर तो बदलून देणं विक्रेत्याचं काम, आणि दोष आधीचा नव्हता हे सिद्ध करणंही त्याचंच. निदानासाठी गाडी उघडायची असेल तर ती मजुरी वॉरंटी देणाऱ्याने भरावी. नेमलेलं वर्कशॉप ग्राहकाच्या जिल्ह्यात नसेल तर टोइंगचा खर्चही वॉरंटी देणाऱ्याचाच. देवगडच्या माणसाला वॉरंटी विकताना पत्ता विचारला जातोच, तेव्हा वर्कशॉप कुठे आहे हेही सांगता येईल. विक्रेत्यांचा खर्च यामुळे वाढेल आणि थोडा गाडीच्या किमतीत उतरेल, हे मला मान्य आहे. तो किमतीत दिसू द्या. दिसणाऱ्या किमतीची दुसऱ्या दुकानाशी तुलना करता येते, अपवादांच्या यादीत लपलेल्या खर्चाची येत नाही.

आणखी एक मागणी, आणि माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाची. विमा कंपन्यांचं दावे निकाली काढण्याचं प्रमाण विमा नियामक दरवर्षी छापतो, म्हणून पॉलिसी घेताना ते पाहता येतं. वॉरंटी विकणाऱ्यांबद्दल ग्राहकाला असं काहीच पाहता येत नाही. वर्षात किती वॉरंट्या विकल्या, किती क्लेम आले, किती मंजूर झाले, कोणत्या कलमाखाली किती नाकारले, विकून गोळा झालेल्या रुपयातले किती पैसे दुरुस्तीवर गेले, हे प्रत्येक कंपनीने दरवर्षी जाहीर करावं. नवे नियम यायला वेळ लागेल, पण ही माहिती कंपन्यांच्या हिशोबात आजही असणार, आणि चौकशी सुरू करून ती मागवण्याचा अधिकार आपल्या प्राधिकरणाला २०२० पासून आहे. ती या आर्थिक वर्षापासून मागवावी, अशी माझी विनंती आहे.

कळावे,

आपली विश्वासू,
ग्राहक मार्गदर्शनाचं काम करणारी एक कार्यकर्ती,
सातारा